चपला काढल्या, पुढे काय?



पवित्र मिस्सासाठी आत शिरताना आपण चपला दाराशी काढतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना कधी याचे नवल वाटते, आपल्या मात्र ते अंगवळणी पडलेले आहे. जळत्या झुडुपापाशी मोशेला देवाने हेच सांगितले होते, आणि कमलाभवानीच्या देवळात जाणारे आपले शेजारीही हेच करतात. १९६९ साली भारतातील मिस्साविधीसाठी रोमने बारा मुद्दे मान्य केले. पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणे, पंचांग प्रणाम करणे, या गोष्टी त्यांत होत्या. देवाचा मान राखण्याची या मातीतली रीत ख्रिस्तसभेने अशी आपलीशी केली.

पण पावित्र्य म्हटले की आपल्याकडे आणखी एक शब्द हळूच मनात शिरतो, तो म्हणजे सोवळे. जे पवित्र त्याला विटाळ होतो, म्हणून ते जपायचे आणि माणसांना लांब ठेवायचे. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात याचे किती चटके बसले! मंगळवेढ्याचे संत चोखामेळा पंढरपुरात देवळाबाहेरच राहिले. त्यांची समाधीही महाद्वारासमोर आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, त्यानंतर कुठे विठ्ठल मंदिराचे दार सर्वांना उघडले. माणसांना बाहेर ठेवणाऱ्यांना आपण देवाचा आदरच करतो आहोत असे मनापासून वाटत होते, हे विसरू नये. आणि आपण ख्रिस्ती म्हणून यातून सुटत नाही. दक्षिणेत ख्रिस्ती दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत उभी राहिली. भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेत जातिभेद आहे हे स्वतःच मान्य केले.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना आधी हात लावला. शब्दानेही काम झाले असते. रीतीप्रमाणे येशूच अशुद्ध ठरायला हवा होता, पण झाले उलटे; रोगी शुद्ध झाला. देवाचे पावित्र्य स्पर्शाने बाटत नाही. मग त्याचा आदर करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

जुन्या करारात लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आहे. तो आपण फारसा उघडत नाही. देव पवित्र आहे म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र असावे, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे धूप-दीपाचे वर्णन येईल असे वाटते, पण लवकरच गोष्ट शेतावर येते. कापणी करताना बांधापर्यंत सगळे कापून नेऊ नये, सरवा वेचू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा. ज्वारीच्या रानात सरवा वेचणाऱ्या म्हाताऱ्या बाया आपल्यातल्या वयस्करांनी पाहिल्या आहेत. रूथही अशीच एक. पुढे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. देवाच्या नावाने खोटी शपथ घेऊ नये. शेवटी वजनमाप खरे असावे. मापात पाप नको म्हणतात ते हेच! बाजारात भाव पटवताना ‘देवाशपथ’ किती सहज येते, आणि त्याच तोंडाने आपण मिस्सात देवाला तीनदा पवित्र म्हणतो. यशयाने ते गाणे ऐकले तेव्हा त्याला पहिल्यांदा आपले ओठ अशुद्ध असल्याचे जाणवले होते.

या अध्यायात देवाचे भय बाळगायला दोन ठिकाणी सांगितले आहे. एक, बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, तिथे. दुसरे, पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभे राहावे, तिथे. बहिऱ्याला शिवी ऐकू जात नाही, आंधळ्याला दगड कोणी ठेवला ते दिसत नाही. तक्रार करणारे कोणी नाही. ऐकणारा आणि पाहणारा एकटा देव उरतो. आमच्या मते आदराची खरी कसोटी इथेच आहे.

मग मिस्सातले गुडघे टेकणे, शांतता, मोबाईल बंद ठेवणे हे वरवरचे का? तसे मुळीच नाही. देवाच्या पवित्रस्थानाचा मान राखावा, ही आज्ञाही याच अध्यायात, मजुरी आणि वजनमापाच्या मधोमध आहे. ती वेगळी काढून फक्त तेवढीच पाळण्याची सोय नाही, आणि वगळण्याचीही नाही. जो तासभर देवापुढे स्वस्थ बसू शकत नाही, तो माणसापुढे तरी किती थांबेल?

दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडची कुटुंबे कोप्या घालून फडाजवळ राहतात, पहाटे थंडीत तोडीला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम म्हणतो, शेतकरी म्हणतो, आपणही म्हणतो. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली दोन माणसे आणि नाव लोखंडाच्या अवजाराचे. यंदा आपल्या शेताजवळच्या कोपीत कोण उतरले आहे, त्यांची खरी नावे काय, आणि त्यांच्या लेकरांना शाळेत कोण नेते, एवढे विचारायला फार वेळ लागणार नाही.