न लिहिलेलं कुणाचं?

सीएसएसमध्ये मार्जिनसाठी चार बाजूंच्या चार ओळी लिहाव्या लागत नाहीत. 'मार्जिन' लिहून पुढे चार आकडे द्या: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, घड्याळाच्या काट्यासारखे. दोनच दिले तर पहिला वर-खालचा, दुसरा दोन्ही बाजूंचा. ही सोय 1996च्या पहिल्या सीएसएसपासून आहे आणि झकास आहे.

'बॅकग्राउंड'ची गंमत मात्र वेगळी. समजा, मित्राने एका चौकटीमागे चित्र लावलंय. तुम्ही त्याच चौकटीसाठी खाली नुसतं 'बॅकग्राउंड: पिवळा' लिहिलंत. चित्र गेलं! चित्राबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नव्हता. पण शॉर्टहँडमध्ये जे लिहिलं नाही ते 'आहे तसं राहू दे' असं धरत नाहीत. ते मूळ किमतीवर जातं, आणि चित्राची मूळ किंमत 'काही नाही' अशी आहे.

मग चित्र काढलं कुणी? 'मी फक्त रंग दिला' हे उत्तर मला पटत नाही. नियम सर्वांसाठी लिहून ठेवलेला आहे. ज्याने आखूड शब्दाचा फायदा घेतला, त्याने त्यामागची पुसापुशीही केलीच.

याचा अर्थ थोडक्यात बोलणं गुन्हा आहे असा नाही. जळगावच्या खानावळीत 'एक भरीत' म्हटलं की पुरतं. भाजलेलं हिरवं वांगं, हिरवी मिरची, कांद्याची पात, हे सगळं न बोलता येतं, कारण ते दोघांनाही ठाऊक असतं. तोच शब्द पुण्यात उच्चारा, दह्यातलं भरीत समोर येऊ शकतं. (खान्देशी माणसाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.)

भरिताचं एवढं काही नाही, दुसऱ्यांदा मागवता येतं. भाषेचं तसं नसतं. जनगणनेत 'मातृभाषा?' विचारलं की धुळ्याकडचा, घरात अहिराणी बोलणारा एखादा माणूस सवयीने 'मराठी' सांगून टाकतो. शाळा मराठीत झालेली, सही मराठीत. खोटं काहीच नाही. पण त्या घरातली अहिराणी कागदावरून जाते, आणि तिला नको कुणीच म्हटलेलं नसतं. जो 'अहिराणी' सांगतो तोही 2011च्या तक्त्यात 'खान्देशी' या मोठ्या शीर्षकाच्या पोटात सापडतो. त्या शीर्षकाखाली 18 लाखांहून अधिक माणसं आहेत.

सीएसएसमध्ये यावर साधा तोडगा आहे: शॉर्टहँड आधी लिहायचं, चित्राची पूर्ण ओळ त्याच्या खाली. खालची ओळ टिकते. जनगणनेत मातृभाषेला एकच रकाना असतो. आणखी दोन भाषा सांगता येतात, पण 'येणाऱ्या इतर भाषा' म्हणून.