आसन आणि अधिकार

महाभारताच्या उद्योगपर्वात आसनाचा एक प्रसंग आहे. युद्ध अटळ दिसू लागले तेव्हा साहाय्य मागण्यासाठी दुर्योधन आणि अर्जुन एकाच दिवशी द्वारकेस पोहोचले. भगवान श्रीकृष्ण निद्रिस्त होते. दुर्योधन आधी आत शिरला आणि उशाशी असलेल्या उत्तम आसनावर जाऊन बसला. अर्जुन मागाहून आला व हात जोडून पायथ्याशी उभा राहिला. भगवंतांनी नेत्र उघडले तेव्हा प्रथम दृष्टीस पडला तो अर्जुन. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या कथेतील एक गोष्ट बहुधा लक्षात घेतली जात नाही. आपण आधी आलो हे दुर्योधनाचे म्हणणे खोटे नव्हते आणि भगवंतांनीही ते खोटे ठरविले नाही. त्याचे आधी येणे त्यांनी मान्य केले, दोघांनाही साहाय्य दिले, आणि यादवांची सेना मिळाली म्हणून दुर्योधन मोठ्या आनंदाने परत गेला. त्याचा अधिकार कोणी हिरावला नव्हता. अधिकाराच्या पलीकडे काही मागावयाचे असते हेच त्याला सुचले नाही, एवढेच.

आजच्या गृहस्थाच्या वाट्याला राजसभेतील आसने येत नाहीत, विमानातील येतात. मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी दूर गेली, वृद्ध माता-पित्यांना काशी, तिरुपती वा जगन्नाथपुरीची यात्रा काही तासांत घडू लागली, आणि एकेकाळी श्रीमंतांपुरता असलेला हा प्रवास सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आला. देशांतर्गत मार्गांवरील बहुतेक विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांस तीन-तीन आसने असतात. एक खिडकीजवळचे, एक वाटेजवळचे आणि एक या दोहोंमध्ये चेपलेले. आसनाची रुंदी साधारण १७ ते १८ इंच. पुढच्या आसनापासून मागच्या आसनाचे अंतर बहुधा २८ ते ३१ इंच. एवढ्याशा जागेसाठी सुशिक्षित, देवपूजा करणारी, एरवी शांत असलेली माणसे एकमेकांवर डोळे वटारताना दिसतात. सुईच्या अग्राइतकीही भूमी द्यावयाची नाही असे म्हणणारा एक पुरुष हस्तिनापुरात होऊन गेला, असे मानून स्वस्थ बसणे सोयीचे आहे खरे; तथापि तो पुरुष अद्याप प्रवास करीतच आहे.

या कलहाचे पहिले मूळ एका जुन्या सवयीत आहे. आगगाडीच्या खिडकीतून रुमाल टाकावा, एस. टी.त पिशवी ठेवावी, आणि जागा धरली असे समजावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेथे जागा कुणाच्याच नावाची नसे, म्हणून जो आधी बसला त्याची ती, हे न्यायाचेच होते. विमानात तसे नाही. तेथे प्रत्येकाच्या बोर्डिंग पासावर रांगेचा अंक आणि आसनाचे अक्षर लिहिलेले असते. खिडकीजवळची जागा किंवा पुढची रांग हवी असल्यास पुष्कळदा त्यासाठी निराळे शुल्कही भरलेले असते. अशा आसनावर मूळ प्रवासी येण्यापूर्वी जाऊन बसावे आणि तो आल्यावर हसून त्याला सांगावे की आमची जागा मागे आहे, तेथे बसा, काय फरक पडतो? हे विचारणे नव्हे. विचारून मग बसणे ही विनंती होय. बसून मग विचारणे हा कब्जा होय. नकार देणाऱ्याला भांडखोर ठरविण्याची व्यवस्था आधीच करून ठेवलेली असल्यामुळे त्यात एक सूक्ष्म कपटही असते. अस्तेय म्हणजे केवळ दुसऱ्याची तिजोरी न फोडणे, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. फरक पडत नसेल, तर आपल्याच जागी बसावयास अडचण कोणती?

आता मागणाऱ्याची गरज खरी असते तेव्हाचे पाहू. आई एका रांगेत आणि लहान मूल पाच रांगा दूर, असे घडते. वृद्ध पित्याला अर्धांगवायूनंतर पाणीही हाताने घेता येत नाही आणि मुलगा मात्र मागच्या टोकास बसला आहे, असेही घडते. येथे मागण्यात काहीच कमीपणा नाही. तथापि याचनेलाही धर्म आहे. पहिली गोष्ट अशी की ज्याचे काम आहे त्याच्याकडे ते आधी न्यावे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील आई-वडील अथवा पालक यांपैकी निदान एकाजवळ जागा देण्यात यावी, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला. म्हणजे त्या मातेचा प्रश्न तिकीट काढतेवेळी, निदान विमानतळावरील खिडकीशी, सोडवून घेता येतो. आत शिरल्यावर अनोळखी माणसाच्या दयेवर तो सोपविण्याची पाळी सहसा येऊ नये. घरून निघताना दहा मिनिटांची दक्षता घेतली नाही, तर तिचे मोल दुसऱ्या कुणास तरी द्यावे लागते, हे गृहस्थाने विसरू नये.

दुसरी गोष्ट, बदल्यात काय देतो ते पाहावे. खिडकीजवळची जागा मागावी आणि शेवटच्या रांगेतील मधली जागा पुढे करावी, हा सौदा मागणाऱ्याला स्वतःला कोणी सांगितला असता तर त्याने मान्य केला असता काय? वाटेजवळच्या जागेच्या बदली वाटेजवळचीच जागा, मागच्या रांगेच्या बदली पुढची, असे देता येत असेल तर समोरच्याचा चेहरा बहुधा आधीच प्रसन्न होतो. आपल्यावरून दुसऱ्याचे सुखदुःख ओळखणे हे गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रेष्ठ योग्याचे लक्षण म्हणून आले आहे. ते अरण्यातील योग्यापुरते राखून ठेवावयाचे असते तर भगवंतांनी ते रणांगणावर एका गृहस्थाला कशाला सांगितले असते?

आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. मागितल्यावर नाही म्हटले गेले तर मन जेथे होते तेथेच ठेवावयाचे. अशी कल्पना करावी की एक मनुष्य मुंबईहून वाराणसीस निघाला आहे. पायाशी ठेवलेल्या पिशवीत पित्याच्या अस्थी आहेत. कोणाचे पाऊल त्या पिशवीस लागू नये, कोणाला तिच्यावरून ओलांडून जावे लागू नये, एवढ्यासाठी त्याने पैसे भरून खिडकीची जागा घेतली आहे. शेजारी एक कुटुंब येते. त्यांच्या मुलाला ढग पाहावयाचे आहेत. तो मनुष्य हळूच नाही म्हणतो. कारण सांगत नाही. सांगावयाचे तरी कसे, तेही हसतमुख लेकराच्या देखत? मग मागच्या रांगेतून शब्द येतात: माणुसकी उरली नाही, लहान मुलासाठीसुद्धा उठवत नाही. बोलणाऱ्याला वाटते की आपण करुणेचा पक्ष घेतला. वस्तुतः त्याने एका शोकाकुल पुत्रावर घाव घातला आहे आणि त्याचा त्याला पत्ताही नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला, वारंवार उठावे लागणारा मधुमेही, बंदिस्त जागेत जीव घाबरणारा, अशी कितीतरी कारणे माणसे मुकाट्याने बाळगून बसलेली असतात. आणि कारण काहीच नसले, केवळ खिडकीतून पाहण्याची हौस असली, तरीही जागा त्याचीच आहे. कारण सांगण्याचे ऋण त्याच्यावर नाही.

२०२४ च्या डिसेंबरात ब्राझीलमधील एका विमानात असेच झाले. एका स्त्रीने स्वतःची खिडकीजवळची जागा रडणाऱ्या मुलासाठी सोडण्यास नकार दिला. तिने आरडाओरड केली नाही. ती गप्प बसून राहिली. एका सहप्रवासिनीने तिचे चित्रण करून तिला निष्ठुर म्हटले, आणि ते चित्रण कोट्यवधी लोकांपुढे गेले. लोकांनी बहुतांशी गप्प बसलेल्या स्त्रीचीच बाजू घेतली, हे खरे. परंतु तिचे झाकलेले, खाजगी आयुष्य त्या एका दिवसात चव्हाट्यावर आले, ते बाजू घेतल्याने परत मिळाले नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना अहिंसा, सत्य, अक्रोध यांच्याच पंक्तीत अपैशुन बसविले आहे. दुसऱ्याचे दोष त्याच्या पाठीमागे चार लोकांत न उघडणे, असा त्याचा अर्थ. आता प्रत्येकाच्या हातात चित्रण करणारे यंत्र आहे. चहाडीला पूर्वी निदान तोंड लागत असे.

मग देणाऱ्याचे काय? देऊच नये काय? तसे म्हणणे म्हणजे दुर्योधनाच्या आसनावरच जाऊन बसणे झाले. देण्यासारखी जागा असेल आणि घेणाऱ्याची गरज डोळ्यांनी दिसत असेल, तर जरूर द्यावी. न मागताही द्यावी. मात्र कशी द्यावी हे सतराव्या अध्यायातील दानविचारावरून पाहावे. दानाचे तीन प्रकार तेथे सांगितले आहेत, आणि तिन्ही प्रकार एका विमानात एका वेळी पाहावयास मिळतात. एक जण उठतो, परंतु उठताना नाक मुरडतो, पिशवी आपटतो, आधी विचार करता येत नाही का म्हणून चार शब्द ऐकवितो. जागा दिली गेली आणि मातेची मानही खाली गेली. तिरस्काराने दिलेले दान तामस. दुसरा जण हसत उठतो, पण नंतर दर दहा मिनिटांनी त्या कुटुंबाकडे वळून पाहतो. विमानातून उतरताना त्यांनी पुन्हा आभार मानले नाहीत म्हणून घरी पोहोचेपर्यंत कुढतो, आणि आठ दिवस ती गोष्ट सर्वांना सांगतो. कष्टी मनाने वा परतफेडीची आशा ठेवून दिलेले ते राजस. तिसरा उठून जातो आणि विसरतो. त्याची कथा कोणी लिहीत नाही, कारण ती कोणास कळतच नाही.

देश, काल आणि पात्र यांचा विचार सात्त्विक दानात सांगितला आहे, तो येथे फार उपयोगी पडतो. दोन तासांच्या प्रवासात मधली जागा पत्करणे एखाद्या तरुणाला सहज शक्य असते. तेच सोळा तासांच्या परदेशप्रवासात, पाय सुजणाऱ्या साठीच्या गृहस्थाने केले तर ते दान नव्हे, अविचार होय. मित्रांना गप्पा मारता याव्यात म्हणून जागा मागणारे चौघे आणि आजारी पत्नीजवळ बसू पाहणारा वृद्ध, ही दोन्ही पात्रे सारखी नव्हेत. चौघांना नाही म्हणताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

येथे एका विचित्र उदारपणाचा उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ सज्जन स्वतःची जागा सोडीत नाहीत, दुसऱ्याची सोडवितात. पती पत्नीला न विचारता तिची खिडकी देऊन टाकतो. वयस्क गृहस्थ एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणतात, ही एकटीच आहे, हिला काय, कुठेही बसेल. एकट्याने प्रवास करणाऱ्याची जागा ही जणू सार्वजनिक धर्मशाळा! दान स्वतःच्या वस्तूचे करावयाचे असते. घरात ज्या स्त्रियांनी आयुष्यभर शेवटची भाकरी घेतली, त्यांच्या वाट्याची खिडकी परस्पर वाटून मिळणारे पुण्य कोणत्या खात्यात जमा होत असेल, ते चित्रगुप्तालाच माहीत.

काही जागा मात्र देणाऱ्याच्या इच्छेनेही देता येत नाहीत, हे जाणून असावे. संकटकालीन दाराजवळच्या रांगेत लहान मुले, गर्भवती वा चालण्यास असमर्थ व्यक्ती यांना बसू देत नाहीत, कारण प्रसंग पडल्यास तेथील प्रवाशाने दार उघडण्यास साहाय्य करावयाचे असते. दोन वर्षांखालील बालक मांडीवर घेऊन प्रवास करता येतो. परंतु बहुतेक विमानांत तीन आसनांच्या गटावर प्राणवायूचे चारच मुखवटे असतात, म्हणून एका गटात दोन तान्ही मुले बसवीत नाहीत. लहान विमानांत प्रवाशांच्या भाराची विभागणी समतोलासाठी पाहावी लागते. यास्तव जागा बदलण्यास दोघेही राजी असले तरी सेविकेला विचारूनच बदलावी, आणि वाद झाल्यास तिचे म्हणणे मानावे. तिच्यावर आवाज चढविणाऱ्यांस हे ठाऊक नसते की २०१७ च्या नियमांनी अशा वर्तनाच्या तीन पायऱ्या ठरविल्या. नुसत्या शाब्दिक गैरवर्तनासाठीही तीन महिन्यांपर्यंत विमानप्रवासास बंदी होऊ शकते. अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत. आणि जिवावर बेतणारे वर्तन असल्यास दोन वर्षे वा त्याहून अधिक. परंतु दंडाच्या भयाने जीभ आवरणे हे अगदी खालच्या पायरीचे आवरणे आहे. सेविका ही कोणाची तरी कन्या. पहाटे तीनला उठून ती कामावर आलेली असते.

मधल्या जागेवर बसलेल्या प्रवाशाविषयी दोन शब्द. त्याला खिडकी नाही, वाट नाही, डोके टेकावयास भिंत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे हातटेक त्याला असू द्यावेत. उजव्या-डाव्या शेजाऱ्यांनी कोपर थोडे आत घेतले की ते होते. त्यासाठी कोणी कोणास विचारावेही लागत नाही.