दाह आणि प्राण

सृष्टीत अमंगल असे काही स्वतंत्र तत्त्व आहे, की मंगल तत्त्वच आपली मर्यादा सांडून अमंगल होते, हा प्रश्न दर्शनकारांनी पुष्कळ चर्चिला असला, तरी हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात निजलेल्या रुग्णाच्या उशाशी तो ज्या निकडीने उभा राहतो, तसा तो शास्त्रार्थात क्वचितच राहत असेल.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाचा व फुप्फुसांचा कारभार सव्वीस मिनिटे यंत्राकडे सोपवून तिच्या हृदयातील छिद्र बुजविले, आणि मानवाला एक अपूर्व सामर्थ्य लाभले. परंतु यंत्राच्या परक्या नळ्यांचा स्पर्श होताच रक्तातील संरक्षक द्रव्ये व श्वेतपेशी परचक्र आल्यागत खवळून उठतात. जखम भरून आणण्यासाठी योजलेला दाह सर्वांगात पसरतो, फुप्फुसांत पाणी झिरपते आणि प्राणवायूची वाट अडते. नेमक्या त्याच वेळी, शस्त्रक्रियेसाठी थंड केलेले शरीर ऊब धरू लागताना रुग्णाला कापरे भरते, जबडा व खांदे थरथरतात, आणि प्राणवायूची गरज दुपटीहूनही वाढू शकते.

मग प्राणवायू मुबलक द्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शस्त्रक्रियेत रक्तावाचून उपाशी राहिलेल्या हृदयस्नायूत परतताना त्याच प्राणवायूपासून पेशींना जाळणारी द्रव्ये निर्माण होतात. बरे, दाहच समूळ दडपावा, तर सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दाह शमविणारे स्टेरॉइड देऊनही मृत्यूंचे प्रमाण घटले नाही.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात देहातील वैश्वानर अग्नी प्राणापानांशी युक्त होऊनच अन्न पचवितो, असे सांगितले आहे. अग्नी आणि श्वास यांचे हे साहचर्य ज्याने मानले, त्याला दोहोंपैकी एकाला शत्रू व दुसऱ्याला मित्र ठरविता येणार नाही. द्रव्याला स्वतःची मर्यादा कळत नाही. ती जाणत्याने घालावी लागते. रात्रपाळीची परिचारिका बोटावरील यंत्रात रक्तातील प्राणवायूचा आकडा वाचते, पुरेसा दिसताच प्राणवायूची कळ किंचित फिरवून तो कमी करते, आणि पुन्हा आकड्याकडे पाहते. या कृतीत करुणा आहे तितकाच संयमही आहे, आणि संयमावाचून करुणा येथे घातकच ठरली असती. म्हणून अमंगलाचे मूळ पदार्थात शोधू नये. ते मात्रेच्या विस्मरणात आहे, आणि मात्रेचे अखंड भान राखणे हाच वैद्याचा व प्रत्येक विचारी माणसाचा धर्म होय.