न्हाणीचा सांधा

खालच्या मजल्यावरच्या काकू एरवी काही असलं तर फोन करतात. त्या दिवशी स्वतः जिना चढून आल्या. "अहो, जरा खाली येऊन बघता का? पॅसेजच्या छताला ओल आलीय, पोपडे पडायला लागलेत." ज्या माणसाने उभी हयात बांधकामाच्या साइटवर दुसऱ्यांच्या गळत्या शोधण्यात घालवली, त्याला स्वतःच्या घराबद्दल हे ऐकून घ्यावं लागलं.

आमची न्हाणी त्या पॅसेजपासून चांगली पाच-सहा फूट लांब. पण पाण्याला सरळ खाली उतरायची सक्ती नसते. ते स्लॅबवर पसरतं आणि फट सापडेल तिथून डोकावतं. ओल दिसते तिथेच गळती शोधणारा बहुधा भलतीच भिंत फोडून बसतो. काकूंनी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. आठ दिवसांनी ओल रेघेच्या बाहेर गेली, तेव्हा फरशी उखडायची ठरली.

फ्लॅटमधली न्हाणी आपल्याकडे बहुतेक वेळा खोलगट स्लॅबवर असते. बाकीच्या घरापेक्षा तिथला स्लॅब वीतभर खाली, त्यात पाइप, त्यांच्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर फरशी. फरशीखालचा कोबा पाणी पितो आणि धरून ठेवतो. आम्ही न्हाणी आठवडाभर बंद ठेवली होती, तरी उखडलेला कोबा हाताला गारगार ओला लागला. इतकी वर्षं आम्ही एका छोट्या हौदावर उभे राहून आंघोळ करत होतो.

आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. देशभरातल्या शहरांत प्लंबर पुरवणारा जिल्हा म्हणून त्याची ओळख आहे. जाळीखालून पाणी वाहून नेणाऱ्या ज्या भागाला देशभरच्या बांधकामाच्या कागदांवर 'न्हाणी ट्रॅप' लिहितात, तो साइटवर 'नानी ट्रॅप' होतो. प्लंबरने बॅटरीचा झोत टाकून दाखवलं. ट्रॅप शाबूत होता, पाइपाचे जोडही शाबूत होते. चूक होती जाळीखाली. ट्रॅपचा वरचा पाइप फरशीपर्यंत पोहोचतच नव्हता. मधली बोटभर जागा सिमेंट आणि व्हाइट सिमेंट भरून गोल केली होती. ते गोल कधीच तडकलं होतं आणि प्रत्येक आंघोळीचं थोडं पाणी पाइपाच्या बाहेरून कोब्यात उतरत होतं.

पाइप आखूड कापणाऱ्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले, आणि मग आठवलं. प्लंबरने पाइप कापला तेव्हा आठ मिलिमीटरची टाइल ठरलेली होती. नंतर मीच ती बदलून वीस मिलिमीटरची कोटा फरशी घेतली होती. पाइप बरोबरच कापला होता, फरशी वर गेली होती.

या कामात तीन जण येतात. प्लंबर ट्रॅप बसवून जातो. वॉटरप्रूफिंगवाला थर देतो, तो ट्रॅपच्या कडेशी येऊन थांबतो. शेवटी फरशीवाला जाळी बसवतो, तोवर पहिले दोघे दुसऱ्या साइटवर असतात. तिघांचंही काम आपापल्या जागी चोख असू शकतं. गळतं ते मधल्या इंचभर जागेत, कारण ती कोणाच्याच कामात मोडत नाही. चौथा असतो घरमालक, जो मध्येच फरशी बदलतो.

मिस्त्रीने नीट काम करायला हवं, हे मी पूर्वी साइटवर शंभरदा बोललो असेन. आता वाटतं, वस्तूच अशी घडवायला हवी की दिवसाच्या शेवटी थकलेल्या हातून बसवली तरी ती चुकणार नाही. ट्रॅपवर सरकणारी कॉलर असावी, म्हणजे फरशी दोन सेंटीमीटर वर-खाली झाली तरी करवत लागणार नाही. ती कॉलर खालच्या भागाच्या आत उतरावी. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर चढवतात, तेच हे तत्त्व. कॉलर आणि ट्रॅप यांच्यामधलं रबर उद्या विरलं तरी पाणी आतच पडतं. रबराची गरज फक्त पाणी तुंबून वर चढलं तर.

दुसरं, ट्रॅपला चांगला रुंद काठ हवा. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही, शिवाय उष्णतेने पीव्हीसी काँक्रीटच्या कितीतरी पट फुगतं-आकसतं. म्हणून जाणते प्लंबर पाइपाला सॉल्व्हंट फासून त्यावर वाळू भुरभुरतात, पृष्ठभाग खरबरीत करतात. रुंद काठ असला की वॉटरप्रूफिंगचा थर त्याच्यावर चढवून दाबता येतो. आणि त्या थराच्या पातळीला ट्रॅपला बारीक भोकं हवीत. न्हाणीत पाणी दोन ठिकाणी वाहतं, एक फरशीवरून आणि एक फरशीखालून. खालच्या पाण्याला ट्रॅपमध्ये शिरायची वाट ठेवली नाही, तर ते काकूंच्या पॅसेजकडे वळतं.

एवढं उखडल्यावर लक्षात आलं की या सगळ्यात एक जोड असा होता, जो कोणी लिंपलाच नव्हता. ट्रॅपच्या वळणात साचलेलं पाणी. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्ये पाइपाला वाक देऊन ही युक्ती पेटंट केली. साधारण 50 मिलिमीटर पाणी वळणात थांबतं आणि गटाराची हवा अडवतं. ना रबर, ना डिंक. प्रत्येक आंघोळीला हा जोड नव्याने तयार होतो. पण वापर थांबला की तो सुकतो. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक जणांना झाली. न्हाणीची जमीन धुण्याऐवजी पुसून घेतल्यामुळे तिथले ट्रॅप कोरडे पडले होते, आणि लागण पसरायचा तो एक मार्ग ठरला, असं चौकशीत पुढे आलं. आपण गावाहून परतल्यावर घरात जो कुबट वास येतो, त्यामागेही अनेकदा सुकलेला ट्रॅपच असतो. तांब्याभर पाणी ओतलं की वास जातो.

टिकणारा जोड आकारावर आणि रोजच्या वापरावर उभा असतो. एकदा लिंपून झाकून टाकलेल्या जोडाला फक्त लिंपणाऱ्याच्या त्या दिवसाचा आधार असतो.

नवा ट्रॅप बसला. फरशी घालण्याआधी तोंडाशी बोळा कोंबून न्हाणीत पाणी भरलं, भिंतीवर पातळीची खूण केली आणि 48 तास कोणालाही आत जाऊ दिलं नाही. पाणी खुणेखाली उतरलं नाही. मी खाली जाऊन सांगितलं, "काकू, झालं. आता तुमचं छत रंगवून देतो."

त्या वर बघत म्हणाल्या, "रंगाचं दिवाळीत बघू. आधी एक पावसाळा जाऊ दे."

पेन्सिलीची रेघ अजून छतावर आहे.