प्रवास आणि अस्सलपणा

सुशिक्षित मध्यमवर्गांत अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकूं येते. प्रसिद्ध स्थळीं आतां पाहण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. जेथें गर्दी लोटते तेथील संस्कृतीचें दुकान होतें. खरें लोकजीवन पाहावयाचें असेल तर एखाद्या आडगांवींच गेलें पाहिजे, असें जो तो म्हणतो. या तक्रारींत मुळींच तथ्य नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गर्दी आणि खोटेपणा यांचा जो कार्यकारणसंबंध तींत गृहीत धरलेला असतो, तो विचाराच्या कसोटीस उतरतो कीं काय, हें पाहणें अवश्य आहे. त्यासाठीं दूरदेशींचे दाखले धुंडाळण्याचें प्रयोजन नाहीं. पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर हे दोन शेजारचे तालुके या कामीं पुरेसे आहेत.

प्रथम पालखीचा दाखला घेऊं. तुकोबारायांच्या पादुका पालखींत ठेवून देहूहून पंढरीस नेण्याचा प्रघात त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं घातला असें मानितात. हा सोहळा दरवर्षीं आषाढी एकादशीपूर्वीं बारामतीवरून इंदापूर तालुक्यांत उतरतो. काटेवाडीस परीट मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात व धनगरांच्या मेंढ्या पालखीभोंवतीं रिंगण घालतात. पुढें बेलवाडीस आणि इंदापुरास अश्वाचें गोल रिंगण होतें. सराटीच्या मुक्कामानंतर नीरेच्या पाण्यांत पादुकांना स्नान घडतें. याहून गजबजलेला प्रसंग महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. कॅमेरे, स्वागताच्या कमानी, पुढाऱ्यांचे फलक, खेळण्यांचीं दुकानें, कशाचीच वाण नसते. तरीहि मेंढ्यांचें रिंगण खोटें झालें असें म्हणण्यास कोणी धजणार नाहीं. कारण तें पाहणाऱ्याच्या पसंतीवर उभें नाहीं.

याची परीक्षा एकदां अनायासें होऊनहि गेली. २०२० सालीं महामारीमुळें पायी वारी बंद झाली. रस्ते ओस पडले, दिंड्या नाहींत, प्रेक्षक नाहींत. तरी पादुका एस. टी. च्या गाडींत बसवून पंढरपुरास नेण्यांत आल्या. पुढील वर्षींहि तसेंच झालें. पाहणारा कोणी नसतांहि जें करावेंसें वाटतें, तें अस्सल, अशी एक कसोटी या प्रसंगावरून आपल्या हातीं लागते. या कसोटीनें गर्दी निर्दोष ठरते. जत्रेस बाजार पूर्वींपासूनच चिकटलेला आहे. बुक्का आणि चुरमुरे विकणाऱ्यांनीं पंढरीची भक्ति बाटविली नाहीं.

परंतु कसोटी हातीं आली म्हणून ती सर्वत्र आंधळेपणानें लावूं नये. बारामतीच्या परिसरांत या शतकाच्या पहिल्या दशकांत कृषिपर्यटनाचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२० सालीं राज्य शासनानें त्यासाठीं स्वतंत्र धोरणहि जाहीर केलें. शहरांतील कुटुंब पैसे भरून शेतावर येतें, हुरडा खातें, बैलगाडींत बसतें आणि संध्याकाळीं परत जातें. पाहुणे न येते तर यांतलें बरेंचसें झालेंच नसतें. म्हणून आमच्या कसोटीप्रमाणें हें सर्व खोटें ठरावें. पण हा निकाल उतावीळ होय. हुरडा ही गोष्टच मुळीं पाहुण्यांना बोलावून खाण्याची आहे. पावसाच्या भरंवशावर जगणाऱ्या जिराईत शेतकऱ्यानें त्या आतिथ्याचे चार पैसे घेतले, तर त्यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. आपण शिकविण्याचे, औषध देण्याचे, वकिली करण्याचे पैसे घेतों; तेवढ्यानें आपली विद्या खोटी होत नाहीं.

खोटेपणा शिरतो तो निराळ्या दारानें. ज्या शेतकऱ्याच्या घरीं ट्रॅक्टर आहे, उसाला ठिबकानें पाणी आहे आणि मनांत कारखान्याच्या तोडीची व सोसायटीच्या कर्जाची काळजी आहे, त्यानें पाहुण्यांसाठीं बैल बाळगावे आणि डोक्यास फेटा बांधावा, अशी अपेक्षा कोण करतो? आपणच करतों. ठिबकाच्या नळ्या दिसल्या कीं आपल्याला गांव बिघडलेलें वाटतें, आणि फेटा दिसला कीं तें अस्सल वाटतें. म्हणजे जें खरें आहे त्याला आपण भेसळ म्हणतों आणि जें आपल्यासाठीं नटविलें आहे त्याला खरें म्हणतों. अस्सलपणाची हांव हीच नकलेची गिऱ्हाईक आहे, हें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. यजमानावर नाटकीपणाचा आरोप करण्यापूर्वीं तें नाटक कोणाच्या फर्माईशीवरून लागलें, याची चौकशी झाली पाहिजे.

तिसरा दाखला याहून कठीण आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या फुगवट्याखालीं इंदापूर तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें व शेतें गेलीं. आज हिंवाळ्यांत भिगवणच्या बाजूस रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहण्यास दुरून लोक येतात. मच्छीमार त्यांना होड्यांतून फिरवितात. पळसदेवचें जुनें दगडी मंदिरहि याच पाण्यांत गेलें. एखाद्या उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें कीं तें उघडें पडतें, आणि छायाचित्रें घेणारांची तेथें रीघ लागते. येथें कोणी कोणासाठीं नटत नाहीं. पक्षी प्रेक्षकांसाठीं येत नाहींत आणि दगड अभिनय करीत नाहींत. सर्व कांहीं अस्सल आहे, आणि तरीहि तेथून परतणारा प्रवासी खोटा अनुभव घेऊन परतूं शकतो. त्याला शांत जलाशय दिसला. त्याखालचें घर दिसलें नाहीं. ज्याच्या आजोबांनीं त्या मंदिरांत दिवा लावला असेल, तो मनुष्य उघडें पडलेलें शिखर पाहून थबकतो. प्रवासी उजेड चांगला आहे म्हणून घाई करतो. दोघेहि एकाच जागीं उभे आहेत. तेव्हां खरेंखोटें केवळ स्थळांत नसतें. पाहणाऱ्याच्या ठिकाणींहि असतें, हें कबूल करणें भाग आहे.

अस्सल तें गोडच असेल, हीहि एक भाबडी समजूत आहे. इरावती कर्वे यांनीं वारीबरोबर चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो त्यांच्या १९४९ च्या 'परिपूर्ति' या संग्रहांत आहे. त्यांना त्या वाटेवर प्रेम व आनंद लाभला, तशीच जातीजातींमधील वेगळी पंगतहि दिसली आणि ती बोंचली. त्यांनीं दोन्ही लिहून ठेविलें. केवळ सुखद तेवढेंच वेंचून आणणारा प्रवासी संस्कृति पाहत नाहीं. तो आपल्या दिवाणखान्यासाठीं शोभेच्या वस्तु गोळा करतो.

कोणी म्हणेल, दोन दिवसांच्या पाहुण्यानें एवढी दृष्टि आणावी कोठून? आमचें उत्तर असें कीं, ती निघण्यापूर्वीं घरींच कमवावी लागते. बारामती ही कविवर्य मोरोपंतांची कर्मभूमि. ज्यानें त्यांची एक आर्या तरी कानांत घोळविली आहे, त्याला त्या गांवांत शिरतांना कांहीं आठवेल. ज्यानें नाहीं, त्याला बाजारपेठ आणि वाहनांची वर्दळ दिसेल. गांव दोघांना सारखेंच खुलें असतें. आणि एवढी तयारी करूनहि कांहीं गोष्टी आपल्या वांट्यास येणार नाहींत, हें मान्य केलें पाहिजे. वर्षभर वारीची वाट पाहणाऱ्या माणसाला रिंगणांत जें लाभतें, तें काठावर उभ्या असलेल्या आपणांस लाभणार नाहीं. तेथें पाहुणा म्हणून अदबीनें उभें राहणें हाच आपला अस्सल अनुभव, आणि तो कमी दर्जाचा नाहीं.

म्हणून प्रसिद्ध स्थळीं खरा अनुभव मिळतो काय, या प्रश्नास आमचें उत्तर होकारार्थी आहे. मात्र तो मागण्यापूर्वीं प्रवाशानें आपली मागणी तपासावी. जें चाललें आहे तें त्याच्यावांचूनहि चालेल, याचा त्याला आनंद वाटावा. यजमानानें आजचें जिणें दाखविलें तर तें त्यानें नाक न मुरडतां पाहावें. आणि भिगवणच्या पाण्यावर नावाड्याला पक्ष्याचें नांव विचारतांना, या पाण्याखालीं कोणतें गांव होतें, हेंहि विचारावें.