कॅसेट जपली, वाणी जपली का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



चवथ जवळ आली की आपण घर झाडतो, माळा उतरवतो. तेव्हा कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या साडीत गुंडाळलेल्या काळ्या व्हिडिओ कॅसेटी सापडतात. काही घरांत तर कॅसेट देवघरातच असते. सद्गुरूंचं प्रवचन तिच्यात आहे म्हणून तिला हळदकुंकू वाहिलेलं असतं. हा भाव मोठा, त्याला आमचा नमस्कार. पण मंडळी, एक विचारतो. ती कॅसेट शेवटची ऐकली कधी?

नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. कॅसेटीला फूल वाहिलं तर पूजन होईल, श्रवण होणार नाही.

१९८७ साल आठवा. ३० मे रोजी आपला गोवा घटकराज्य झाला. त्याच वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर ‘रामायण’ लागायचं. टीव्ही एका घरी आणि अख्खा वाडा त्याच्यासमोर. त्या काळात हळूहळू व्हीसीआर आले. टीव्हीवरची कीर्तनं, देवळातल्या सप्ताहाची भजनं, घरची लग्नं-मुंजी कॅसेटींवर उतरली. त्या चित्रांतली कितीतरी माणसं आज नाहीत. त्यांचा आवाज मात्र अजून त्या फितीत आहे.

पण कायमचा नाही. फीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड बसवलेली. चित्र आणि आवाज त्या पुडीच्या चुंबकत्वात साठतो. आपली दमट हवा पूड धरून ठेवणारा थर सैल करते, पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. शिवाय यंत्रही मिळेनासं झालं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली गेलेली जपानची फुनाई, तिनेही २०१६ साली ते काम थांबवलं. देह जीर्ण झाला की आत्मा नवा देह धरतो हे आपण रोज म्हणतो. मग वाणीला नवा देह द्यायला उशीर का?

संतांनी हेच केलं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. पुढे नकलांवर नकला झाल्या, पाठ बिघडले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ती शुद्ध केली, आणि आपल्या पदरची ओवी तिच्यात कोणी घालू नये असंही बजावलं. आपल्याकडचं पाहा. केळशीचे कृष्णदास शामा सोळाव्या शतकातले. पाटोवरच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. त्यांची कृष्णकथा पार पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात, रोमन लिपीत उतरवलेली सापडली. लिपी बदलली, कथा राहिली.

आता कृती. व्हीसीआरच्या मागची पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. मध्ये एक छोटं कॅप्चर यंत्र लावून ती कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडतात. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा, त्याला जमेल. आधी कॅसेटीच्या कडेचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला आहे ना पाहा. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. बुरशी दिसली तर ती घरच्या यंत्रात घालू नका, पुढच्या कॅसेटीलाही ती लागते. ती जाणकाराकडे द्या.

तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. इथे घाई चालत नाही. कुणी म्हणेल, एवढा वेळ कुठून आणायचा? अहो, तेच तर श्रवण! यंत्र चालू करून उठून जाऊ नका, समोर बसा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा. कोण कुठला, कुणाची सून, कुणाचा मामा, ती नावं त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. ही नावं कुठलंच यंत्र सांगणार नाही.

उतरलेली मूळ फाइल तशीच ठेवा. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. ग्रुपवर पाठवली म्हणजे जपली असं समजू नका, तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो. आणि कुणाच्या घरचं दुःख, कुणाचं रडणं त्यात असेल तर विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आता मनातलं. किती घरांत आज भाऊ भावाशी बोलत नाही. भाटावरून, घराच्या वाटणीवरून कोर्टात तारखा पडतात. कॅसेटीत मात्र तेच दोघे एका माटोळीखाली बसलेत. एक घुमट वाजवतो, दुसरा आरती म्हणतो. मग कुणीतरी म्हणतं, तेवढा भाग कापून टाका. आम्ही हात जोडून सांगतो, *कापू नका.* नाथांनी पदरचं घालू नका म्हटलं, आम्ही म्हणतो पदरचं राहू द्या, त्यातलं काढूही नका. जे घडलं ते सत्य आहे, आणि त्या सत्यात तुमचं प्रेमही आहे. उलट तिची एक प्रत त्या घरीही पोचवा. पेनड्राइव्ह नेऊन द्यायला वकील लागत नाही.

सद्गुरूंचं प्रवचन उतरवून घेतलं आणि भावाच्या दारात पाऊल पडलं नाही, तर वाणी कॉम्प्युटरमध्ये गेली, काळजात नाही.

तर यंदा चवथीआधी प्रत्येक घराने एक संकल्प करूया: एक कॅसेट उतरवायची, सगळ्यांनी मिळून ऐकायची, आणि एक प्रत जिथे जाणं अवघड वाटतं त्या घरी द्यायची.

सद्गुरू सर्वांचं कल्याण करोत.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥