अडकून बसण्याचा हक्क

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मी ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ खेळायला बसलो. १९९०चा गेम, म्हणजे वयानं माझ्याहून मोठा. गायब्रश थ्रीपवुड नावाच्या पोराला समुद्री चाचा व्हायचंय, त्याची ही गोष्ट. गावातल्या तुरुंगाचं कुलूप काही केल्या उघडेना. वीस मिनिटांनी मी फोन उचलला, उत्तर शोधलं, कुलूप उघडलं. मग प्रत्येक कोडं तसंच सोडवत गेलो. रात्री गेम संपला, पण आनंद असा झालाच नाही.

मी नेमकं कुणाला फसवलं? समोर प्रतिस्पर्धी नव्हता, बक्षीस नव्हतं. गेमचे पैसे मोजलेले होते. तरी काहीतरी चोरीला गेलंय असं वाटत राहिलं.

अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये बोटांच्या वेगाला किंमत नसते. तुम्ही चहा करून आलात तरी गायब्रश तिथंच उभा असतो. या गेममध्ये तर मरणंही जवळपास अशक्य आहे. मग खेळायचं काय? अडकायचं. त्याच त्या गल्ल्यांतून फिरायचं, खिशातल्या वस्तू उलटसुलट करून बघायच्या, वैतागून झोपायचं आणि सकाळी दात घासताना ‘अरेच्चा!’ म्हणायचं. माझी चोरीला गेलेली गोष्ट हीच होती. आणि ती परत मिळत नाही, कारण एकदा कळलेलं ‘न कळलेलं’ करता येत नाही.

पण म्हणून मदत मागणं हे पाप आहे का? याच मालिकेतला दुसरा गेम, १९९१चा, बघा. त्यात एक धबधबा थांबवायला पंप बंद करावा लागतो. त्यासाठी काय लागतं? पियानो वाजवणारं एक माकड! त्याला संमोहित करून खिशात घालायचं आणि पाना म्हणून वापरायचं, कारण इंग्रजीत एका पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. आपल्याकडे पान्याला पाना म्हणतात. आपण रात्रभर डोकं आपटलं तरी हे कुठून सुचणार? विशेष म्हणजे या दोन्ही गेमचा कर्ता रॉन गिल्बर्ट यानं १९८९ सालीच एका लेखात मनमानी कोड्यांवर टीका केली होती. कोडं घालणाऱ्यानं सोडवण्याचं साहित्य समोर ठेवायचं आणि आपण प्रामाणिकपणे शोधायचं, असा हा अलिखित करार असतो. तो त्यानंच मोडला, तर मी उत्तर बघण्यात गैर काही नाही.

तुरुंगाच्या कुलपाबाबत मात्र करार मी मोडला होता.

आणि ‘स्वतःच झगडा’ किंवा ‘घ्या उत्तर’ एवढे दोनच पर्याय कधीच नव्हते. १९८०च्या दशकात इन्फोकॉम कंपनी आपल्या गेमसाठी ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका विकायची. त्यातल्या सूचना अदृश्य शाईत छापलेल्या असत. खास पेन फिरवलं की एकेक ओळ उमटायची, आधी नुसता इशारा आणि अगदी शेवटी उत्तर. कुठं थांबायचं हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. २०२२च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये तर असं सूचनांचं पुस्तक गेममध्येच मिळतं.

चांगली मदत अशीच असते. ती शेवटचं पाऊल आपल्यासाठी सोडते.

हे मला ऑफिसात जास्त टोचतं. टीममधला नवीन मुलगा बग घेऊन आला की मी त्याचा कीबोर्ड ओढून दोन मिनिटांत काम उरकायचो. तो थँक्यू म्हणायचा, आणि पुढच्या आठवड्यात तसाच बग घेऊन यायचा. मला वाटायचं, मी किती मदत करतो! खरं तर त्याचं ‘अरेच्चा’ मी रोज खाऊन टाकत होतो. आता विचारतो, “लॉगमध्ये शेवटची ओळ कुठली दिसतेय?” आणि गप्प बसतो. हे गप्प बसणं अवघड जातं. सर्व्हर बंद पडून लोक खोळंबले असतील तर सरळ उत्तर सांगतो, ती शिकवणीची वेळ नव्हे. पण अशा वेळा आपण समजतो त्याहून फार कमी असतात.

राहता राहिलं ते तुरुंगाचं कुलूप. ते कसं उघडतं, हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, बारमधले चाचे त्यांच्या दारूत काय काय घालतात, ते नीट ऐका.